मतलई वारा

बसा, वनरक्षक. पाट नाही, पायरीवरच बसा.
घाटावरून बदली होऊन आलात,
म्हणजे वारा तुम्हाला एक तर गार, नाही तर गरम.
आमच्याकडे वाऱ्याला येण्याची वाट असते.
दुपारी खारा, समुद्राकडून सड्यावर चढतो.
रात्री उलटा मतलई, डोंगरातून उतरून
पहाटे होड्या बाहेर ढकलतो.
भेकर त्या दोघांनाही पायरवावरून ओळखतं.
म्हणून पहाटे जायचं तर खालून जा,
समुद्र पाठीशी ठेवून.
दुपारी जायचं तर जाऊ नका.
आश्विनातल्या दुपारी कातळावर
फक्त गावच्या म्हशी आणि मोजणीवाले.

आदल्या रात्री साबण नको.
खोबरेल नको.
तुमच्या त्या डासांच्या मलमाचा वास तर
माझी कोंबडीसुद्धा ओळखते.
बत्तीस वर्षं मी बसल्यावर विडी ओढली नाही,
उठल्यावर एकदम दोन.

गवत श्रावणात पाऊल गिळतं,
आश्विनात चुगली करतं.
चपला हातात. आधी चवडा, मग टाच,
तान्हं निजल्यावर बाई जशी खोलीतून निघते.

वहाळाच्या काठचा चिखल बघा.
भेकराचा खूर म्हणजे मधोमध चिरलेली आठळी.
ठशात दव अख्खं असेल तर तो रात्रीचा,
विसरा.
दव मोडलेलं असेल, कड धारदार असेल,
तर श्वास आवरा. ते इथेच आहे,
आणि त्याने तुम्हाला आधी पाहिलंय.

कोजागिरीला नको. त्या रात्री माणसंच जागी.
वद्य अष्टमीनंतर, चंद्र उशिरा येतो तेव्हा,
हळवं भात कापून झालेलं, गरवं अजून उभं,
त्या दोहोंमधल्या मेरेवर ते येतं.
लोंबीला लगेच तोंड लावत नाही.
आधी ऐकतं.

बंदूक कुठाय म्हणता?
ठाण्यात. आचारसंहिता लागली की जमा,
उठली की परत, आणायला गेलो की पुढची निवडणूक.
शेतसंरक्षणाचा परवाना आहे, हा बघा,
फोटोत केस काळे.
आणि वहीत हे घालू नका, फार जुनं झालं.
साक्षीदार गेले सगळे,
एक सोडून.

बुधाजी मांजरेकर, हाकाऱ्याला होता.
करवंदीच्या जाळीत आवाज झाला,
भेकराएवढाच, भेकराच्याच उंचीवर.
बाकीचं मी मनाने घातलं.
ठासणीची नळी, छर्रे, गुडघा.
त्या दिवशी वाटे झाले नाहीत,
कुत्री उपाशीच घरी आली.
रत्नागिरीला नेईपर्यंत
तोच मला म्हणत होता, घाबरू नको रे.

तर ही एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहा.
आवाजावर नाही.
कान दिसेपर्यंत थांबा, मग डोळा दिसेपर्यंत,
मग पापणी लवेपर्यंत.
एवढं थांबल्यावर चाप ओढायचा की नाही
हे ज्याचं त्याने बघावं.
मी नंतर ओढला नाही.
बसायला मात्र जात राहिलो, घरच्यांना वाटायचं
राखणीला जातो.

बुधाजी अजून येतो, संध्याकाळी, काठी टेकत.
माझ्याकडचा कोरा चहा घेतो.
साखर घरून पुडीत बांधून आणतो.
मी कधी विचारलं नाही.

तुमची गणती परवा ना?
पाचला या, मतलई पडायच्या आत.
त्याच करवंदीखाली, समुद्राच्या अंगाला,
दोन माणसं मावतात.
एक मी.
टॉर्च खिशातच राहू दे, आणि पेन नको,
टोपण वाजतं. पेन्सिल आणा.
आणि भेकर भुंकलं
तर त्याला मोजत बसू नका,
ते तुमच्यावर भुंकत नसतं.
मान न वळवता मागे बघा,
बिबट्या कुठे आहे
ते आधी लिहा.